बाबा ३० नोव्हेंबरला रिटायर होतायत, ३६ लाख येतील आणि घरात आत्ताच पाच मतं आहेत

गोदाकाठ

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहायची वेळ आज आली. बाबा नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत टूल रूमला आहेत, ३१ वर्षं एकाच ठिकाणी काढली, ३० नोव्हेंबर २०२५ ला ५८ पूर्ण होऊन रिटायर होतायत. पीएफ साधारण २७ लाख (मधली बरीच वर्षं व्हीपीएफ, म्हणजे स्वतःहून जास्तीचा पीएफ, भरत होते म्हणून एवढा जमला), ग्रॅच्युइटी साडेसात, शिल्लक रजेचे दीड, म्हणजे ३६ लाख धरा. पेन्शन फक्त ईपीएसची (पीएफबरोबर येणारी पेन्शन योजना), ती ४,८०० च्या आसपास बसेल असं एचआरवाला म्हणाला. हायर पेन्शनचा (पूर्ण पगारावर पेन्शन मिळण्याचा) अर्ज भरलेला नव्हता.

घर स्वतःचं आहे, कर्ज नाही. बाकी बँकेत ४ लाखांची एफडी आणि गल्लीतल्या पतसंस्थेत ३ लाख, तिथे ११ टक्के देतात. आई ५४ ची, घरी पिको-फॉलचं काम करते, त्यातून तिचा वरखर्च निघतो. दोघांचा घरखर्च महिन्याला २८ हजार. बाबांना २०२१ मध्ये एक स्टेंट टाकलाय, आईला शुगर.

आता मतं ऐका. आमचा छोटा (२७, हिंजवडीत आहे, लग्न व्हायचंय) म्हणतो मला पुनावळ्याला फ्लॅटचं डाउन पेमेंट करायला १५ लाख द्या, मी तुम्हाला महिन्याला पैसे पाठवत जाईन. मोठे काका म्हणतात त्र्यंबक रोडला प्लॉट घ्या, जमीन कधी दगा देत नाही. आई म्हणते आधी छोट्याचं लग्न, सोनं आत्ताच घेऊन ठेवू, अजून महागेल. बँकेतली एक मॅडम घरी येऊन चहा पिऊन गेली आणि कसलातरी गॅरंटीड इन्कम प्लॅन गळ्यात मारू बघतेय, वर्षाला ३ लाख ७ वर्षं भरायचे मग आयुष्यभर उत्पन्न. मी (ठाण्याला असते, नोकरी आहे) म्हणते सगळं पोस्टात टाका. बाबा काहीच बोलत नाहीत, पेपर वाचतात.

कोणी यातून गेलं असेल तर सांगा, कुठे किती ठेवायचं? आणि छोट्याला द्यायचे का?

पोष्टातला_बापू

ताई, तुमचं मत बरोबर आहे पण "सगळं" हा शब्द काढा. मी ३४ वर्षं पोस्टात होतो, आता मीही पेन्शनर, तर काऊंटरच्या दोन्ही बाजू बघितल्यात.

सीनियर सिटिझन स्कीमला वय ६० लागतं, पण ५५ ते ६० मधल्या माणसाला रिटायरमेंटच्या पैशांतून खातं उघडता येतं. पैसे हातात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत, आणि आलेल्या रकमेपेक्षा जास्त नाही. पूर्वी हीच मुदत एकच महिना होती, लोक पळत यायचे. कंपनीकडून लेटरहेडवर दाखला घ्या, कधी रिटायर झाले, कुठल्या पदावरून, काय काय रक्कम किती मिळाली, हे सगळं त्यात पाहिजे. हा कागद नोकरीत असतानाच टाइप करून घ्या, नंतर गेटवरचा वॉचमन पण ओळख देत नाही. बाबांच्या खात्यात आईला जॉइंट घालता येतं, तिचं वय आड येत नाही.

व्याज सध्या ८.२ टक्के, ५ वर्षांसाठी तोच दर पक्का, दर तीन महिन्यांनी खात्यात जमा. मर्यादा ३० लाख. मी तुमच्या जागी असतो तर २४ लाख इथे टाकले असते, त्याचे तिमाहीला ४९,२०० म्हणजे महिना १६,४०० पडतात. ६ लाख मंथली इन्कम स्कीमला, दोघांच्या जॉइंट नावावर, ७.४ ने महिना ३,७००. त्यात ४,८०० पेन्शन. झाले २४,९००. उरलेले ६ बँकेत हाताशी. सीनियरचं खातं मध्येच मोडलं तर वर्षाच्या आत दिलेलं व्याज कापून घेतात, दोन वर्षांच्या आत दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का मुद्दलातून जातो, म्हणून तातडीचे पैसे त्यात अडकवू नका.

आणखी एक, व्याजावर टॅक्स कापू नये म्हणून भरायचा फॉर्म. साठी व्हायचीय म्हणून बाबांना २०२५-२६ साठी १५जी, १५एच नाही. दरवर्षी निम्मे लोक चुकीचा फॉर्म भरून आणतात.

पतसंस्थेतले ३ लाख मुदत संपली की काढा. ठेवींना जो ५ लाखांचा विमा असतो तो बँकांना, सहकारी बँकासुद्धा आल्या त्यात, पण पतसंस्था नाही. ११ टक्के उगाच देत नाहीत.

वडाची_साल

बापूंचा हिशोब मस्त, पण कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही की १ डिसेंबरला या घराला मेडिक्लेम नसेल???

गोदाकाठ, कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे ना? ती बहुतेक ठिकाणी रिटायरमेंटच्या दिवशी संपते. स्टेंटवाला माणूस आणि शुगरवाली बाई, वय ५८ आणि ५४, यांना नवी पॉलिसी घ्यायला गेलात तर जुन्या आजारांना ३ वर्षांपर्यंत वेटिंग लावू शकतात. पण ग्रुप पॉलिसी चालू असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज केला तर आधीची जितकी वर्षं झाली त्याचं श्रेय मिळतं, जितक्या रकमेचं कव्हर होतं तितक्यापुरतं तरी. यासाठी एचआरकडून जुन्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसीच्या कॉप्या आणि कव्हर चालू असल्याचं पत्र लागेल. आत्ताच जा. प्लॉट, सोनं, फ्लॅट सगळं डिसेंबरमध्ये भांडा, हे काम नोव्हेंबरमध्येच व्हायला हवं.

फॉर्मवर स्टेंट लिहायचा म्हणजे लिहायचा. एजंट म्हणेल कशाला लिहिता, तो क्लेमच्या वेळी फोन उचलणार नाहीये. प्रीमियम बसला तर बसला. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झालाय एवढं तरी बरं आहे.

५ लाखांची बेस पॉलिसी आणि त्यावर सुपर टॉप-अप (ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारी पॉलिसी), असं बघ, स्वस्त पडतं. रेशन कार्ड असेल तर महात्मा फुले योजना पण आहे, ५ लाखांपर्यंत, पण ती यादीतल्या हॉस्पिटलांत आणि यादीतल्या उपचारांनाच, त्यामुळे ती धरून चालू नको, असली तर असली.

चाकणचा_पंक्चरवाला

+१ मेडिक्लेमला.

बाकी मी वेगळं बोलणार. पोस्ट वाईट नाही पण २८ हजार खर्च आज आहे. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत दुप्पट, म्हणजे बाबा ७० चे होतील तेव्हा ५६ हजार लागतील आणि बापूंच्या हिशोबात तेव्हाही २४,९०० च येणार. शिवाय ८.२ पण कायमचा नाही, तुमच्या खात्याला ५ वर्षं मिळेल, पुढे तेव्हाचा दर. २०२० च्या एप्रिलपासून अडीच वर्षं हाच दर ७.४ होता, २४ लाखांवर महिन्याला १,६०० रुपयांचा फरक पडतो. म्हणून ६-७ लाख तरी बॅलन्स्ड प्रकारच्या (थोडे शेअर, थोडे कर्जरोखे) म्युच्युअल फंडात टाकून ७-८ वर्षं विसरून जा, मग त्यातून एसडब्ल्यूपी लावा, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम निघत राहते. सगळे एकदम नाही, लिक्विड फंडात ठेवून वर्षभर थोडे थोडे वळवा.

बँकेतल्या मॅडमना दुसरा चहा देऊ नका. ज्याचा पगार बंद होतोय त्याने ७ वर्षं दरवर्षी ३ लाख कुठून भरायचे? एक्सेलमध्ये एक्सआयआरआर (वर्षाला खरा परतावा किती टक्के ते) काढून बघा, असले प्लॅन मी बघितलेत ते साडेपाच-सहाच्या पुढे जात नाहीत. चुकून सही झाली असेल तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, फ्री लूक म्हणतात त्याला.

पोष्टातला_बापू

पंक्चरवाले भाऊ, ज्या माणसाने ३१ वर्षं पीएफशिवाय काही बघितलं नाही त्याला मार्केट १५ टक्के पडल्यावर झोप लागेल का? महिनाभरात विकून मोकळा होईल आणि तोटा पदरात.

चाकणचा_पंक्चरवाला

म्हणून तर ३६ पैकी ६ म्हणतोय बापू, ३६ नाही. बाबांच्या मोबाइलवर ॲप टाकायचंच नाही, मुलीने वर्षातून एकदा बघायचं.

निमूट

मी एरवी अशा धाग्यांवर लिहीत नाही.

वर सगळ्यांनी बाबांच्या वयावरून हिशोब केलाय, तो आईच्या वयावरून करा. आई ५४ ची आहे. आपल्याकडे बायका जास्त जगतात आणि नवऱ्यापेक्षा चार वर्षांनी लहान असतात, म्हणजे हे पैसे ३०-३२ वर्षं पुरवायचेत आणि त्यातली शेवटची बरीच वर्षं ती एकटी असणार. बाबांच्या मागे ईपीएसची पेन्शन तिला निम्मी मिळेल, म्हणजे २,४००. दोन हजार चारशे. तेवढ्यात आत्ताच तिच्या शुगरच्या गोळ्या आणि तपासण्या होतात.

माझ्या आईच्या बाबतीत घडलं ते सांगते. वडिलांनी सगळं व्यवस्थित केलं होतं, पण सगळं त्यांच्या एकट्याच्या नावावर. ते गेल्यावर आईला एफडीचे पैसे मिळायला आठ महिने लागले, कारण एका खात्याला नॉमिनी आत्या होती, एकाला कोणीच नाही. घरात पैसे होते आणि आई माझ्याकडे दुधाचे मागत होती. तिला ते मागणं फार लागलं.

तर तू आजच विचार, बाबांच्या पीएफला नॉमिनी कोण आहे? १९९४ मध्ये नोकरीला लागले म्हणजे बहुतेक लग्नाआधीचा फॉर्म असेल. लग्नाआधी केलेलं पीएफचं नॉमिनेशन लग्न झालं की बाद होतं, परत करावं लागतं, हे कित्येकांना माहीतच नसतं. ऑनलाइन ई-नॉमिनेशन होतं, आईचा आधार आणि फोटो लागतो.

बँकेतली खाती "आयदर ऑर सर्व्हायव्हर" करून घे, म्हणजे दोघांपैकी कुणीही, आणि एकाच्या मागे दुसऱ्याला, पैसे काढता येतात. आईला एटीएम वापरता येतं का, ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो हेही बघ.

आणि घर. बाबांच्या एकट्याच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल तर कायद्याने आई, तू आणि भाऊ, तिघांचा सारखा हिस्सा होतो. म्हणजे ज्या घरात ती ३० वर्षं राहिली त्यात तिचा एक तृतीयांश. आज तुम्ही भावंडं एकमेकांवर जीव टाकता, मान्य, पण उद्या घरात सून येईल, जावई तर आहेच, त्यांचीही मतं असतील. बाबांनी साध्या कागदावर मृत्युपत्र केलं, दोन साक्षीदारांसमोर सही केली तरी चालतं, रजिस्टर केलं तर उत्तम.

भेळभत्ता

१५ लाखांवर कोणीच बोलेना, म्हणून मी वाईट होतो.

हिशोब बघा. ३६ मधून १५ गेले की २१ उरतात. सगळेच्या सगळे सीनियर स्कीमला टाकले तरी महिना १४,३५०, अधिक पेन्शन, १९,१५०. खर्च २८ हजार. पहिल्याच महिन्यापासून ९ हजारांचा खड्डा, मेडिक्लेमचा हप्ता वेगळाच. तो खड्डा छोटा भरणार म्हणे. त्याचा ईएमआय सुरू होईल, मग लग्न, मग पोर, मग शाळेची फी, आणि मग बाबांनी त्याला महिन्याच्या ५ तारखेला फोन करून आठवण द्यायची? ३१ वर्षं स्वतःच्या पगारावर जगलेल्या माणसाने?

छोट्याला होम लोन मिळेल, ३० वर्षं कमवायची आहेत त्याला. बाबांना म्हातारपणाचं लोन कोणतीही बँक देत नाही. काकांच्या प्लॉटचंही तेच, प्लॉटमधून महिन्याला काय येतं? कुंपण घालायचा खर्च येतो.

तांबडं_फुटलं

भेळभत्ता, पटत नाही. तुम्ही पोराला परका करून टाकलात. आमच्याकडे लातूरला बापाचं काय अन् लेकाचं काय, एकच खिसा. माझ्या वडिलांनी रिटायर झाल्यावर मला ८ लाख दिले म्हणून मी दुकान टाकू शकलो, आज मायबाप माझ्याजवळच राहतेत, एक रुपया मागायची वेळ येऊ दिली नाही. पोरानं फ्लॅट घेतला तर म्हातारपणी तिथं जाऊन राहतील की. सगळं एक्सेलमधीच बघायचं का?

भेळभत्ता

दादा, तुम्ही केलंत, नमस्कार आहे तुम्हाला, मनापासून. पण तुमचे आईवडील तुमच्याजवळ राहतात म्हणजे त्यांचा वेगळा २८ हजारांचा खर्च राहिला नाही, इथे ते नाशिकला स्वतःच्या घरात राहणार आहेत. पुनावळ्याचा टूबीएचके म्हणजे एक बेडरूम नव्या जोडप्याची, दुसऱ्यात आईबाबा आणि आईचं पिको मशीन. आईला विचारलंय का कुणी?

तांबडं_फुटलं

हे मात्र खरं. विचारायला पाहिजे. मग १५ नका देऊ, झेपंल तेवढं द्या, पण एकदम नाही म्हणू नका, पोराच्या मनात राहतं.

दुपारचा_चहा

सगळ्यांनी सगळं सांगितलं, एक बारकं राहिलं जे आमच्याकडे नडलं. पीएफच्या रेकॉर्डवर, आधारवर आणि बँकेत बाबांचं नाव एकसारखं आहे का ते अक्षर अक्षर लावून बघा. माझ्या सासऱ्यांचं एकीकडे दत्तात्रय आणि एकीकडे दत्तात्रेय, जन्मतारखेत पण फरक, एकीकडे जून एकीकडे मार्च (शाळेत घालताना मास्तरांनी लावलेली). क्लेम दोनदा परत आला. जॉइंट डिक्लेरेशन (पीएफच्या नोंदी दुरुस्त करायचा अर्ज) करून दुरुस्त होतं पण त्याला बऱ्याचदा कंपनीची मंजुरी लागते, म्हणून नोकरीत असतानाच करायचं. पेन्शनसाठी १०डी नावाचा फॉर्म भरायचा त्यालाही नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो, लग्नातला चालत नाही :)

अवांतर: पीएफचे नियम नुकतेच बदलले म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतंय की १२ महिने पैसे मिळणार नाहीत. ते नोकरी सुटलेल्यांचं आहे, ५५ नंतर रिटायर होणाऱ्याला पूर्ण पैसे काढता येतात. बाबांनी ते वाचून टेन्शन घेतलं असेल तर सांगा.

गोदाकाठ

बापरे, दोन दिवस ऑफिसमुळे इकडे आले नाही तर एवढं सगळं. शनिवारी मुद्दाम नाशिकला गेले होते, सांगते काय झालं ते.

वडाची साल, तुझ्या पाया पडते. एचआरला बाबांनी विचारलं तर कव्हर ३० नोव्हेंबरच्या रात्री १२ ला संपतंय, आणि हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच विमा कंपनीत अर्ज टाकलाय, स्टेंट लिहिलाय, ५ लाखांच्या कव्हरला दोघांचे मिळून वर्षाला ४८ हजार म्हणतायत. बाबा आकडा ऐकून उठून अंगणात गेले. मी आणि छोट्याने अर्धे अर्धे भरायचे ठरवलंय, हे छोट्याने स्वतःहून सांगितलं हे पण इथे लिहिते, कारण वर वाचून तो खलनायक वाटायला लागला होता.

निमूट, पीएफला नॉमिनी आजी निघाली. आजी २०१५ मध्ये गेली. मी आणि आई दोघी त्या स्क्रीनकडे बघत बसलो. ई-नॉमिनेशन तिथेच बसून केलं, आईचा फोटो तीनदा साइझ कमी करून चढवला. ओटीपी बाबांच्या मोबाइलवर येतो, आईचा नंबर बँकेत जुनाच आहे, बंद पडलेला, त्यासाठी बुधवारी ते दोघं जाणार आहेत. मृत्युपत्राचा विषय मला काढता आला नाही. आईनेच काढला, भाकरी थापता थापता, "माझं नाव घराला लावा" एवढंच म्हणाली, बाबा बरं म्हणाले.

१५ लाखांचं अजून पूर्ण मिटलं नाही. भेळभत्तांचा १९,१५० वाला हिशोब मी कागदावर लिहून दोघांपुढे ठेवला, नावं न घेता. छोटा बराच वेळ गप्प होता मग म्हणाला मी फ्लॅट पुढच्या वर्षी बघतो, तोवर माझे जमवतो, पण ३ लाख तरी द्या, लग्नासाठी म्हणून धरा. पतसंस्थेतले ३ लाख त्याला द्यायचे असं आईने परस्पर जाहीर केलं, म्हणजे सोन्याचा विषय पण त्यात बसवून टाकला. मार्चमध्ये मुदत संपते. बाबा हो म्हणाले.

आणि मोठी बातमी म्हणजे बाबांना विचारलं की तुम्हाला स्वतःला काय करायचंय, तर म्हणाले कंपनीच्याच एका व्हेंडरने अंबडला बोलावलंय, पोरांना डाय सेटिंग शिकवायला, महिना १८ हजार, दोन वर्षं. हे त्यांना दिवाळीआधीच कळलं होतं!! कुणी विचारलंच नाही म्हणून सांगितलं नाही म्हणे.

तर आता प्रश्न असा की दोन वर्षं १८ हजार येणार असतील तर सीनियर स्कीमला २४ लाख टाकायचे की कमी? आणि बाबा परत कामाला लागले तर ते खातं उघडता येईल ना?

पोष्टातला_बापू

येईल. रिटायर झाल्याचा कंपनीचा दाखला पाहिजे, नंतर काय काम करतात ते काऊंटरवर कुणी विचारत नाही. ३ महिन्यांची मुदत तेवढी पाळा. २४ च टाका, दर आज ८.२ आहे, सरकार दर तिमाहीला बघतं, उद्याचं कुणी सांगावं. १८ हजारांत पेन्शन आणि मंथली इन्कमचे ३,७०० मिळवले की २६,५०० होतात, घर जवळजवळ चालतं. मग सीनियरच्या व्याजातले थोडे घरात घालून उरलेले आईच्या नावाने आरडी करा, दोन वर्षांत तीन-साडेतीन लाख होतील. ते आईचे.

चाकणचा_पंक्चरवाला

आरडीऐवजी एसआयपी म्हणणार होतो पण बापू मारतील. अर्धं अर्धं करा. दोन वर्षं बाहेरून पैसे येतायत म्हणजे फंडाला हात लावायची वेळ येणार नाही, याहून चांगली वेळ नाही.

पोष्टातला_बापू

मारत नाही. अर्धं चालेल.

वडाची_साल

गोदाकाठ, पॉलिसी मंजूर झाल्याचा मेल हातात येईपर्यंत एचआरचा पिच्छा सोडू नकोस. अर्ज टाकला म्हणजे झालं नाही. मेडिकल टेस्टला बोलावतील, बाबांना रिकाम्या पोटी जायला सांग आणि स्टेंटचं डिस्चार्ज कार्ड बरोबर दे. २०२१ चं सापडतंय ना? नसेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड सेक्शनला अर्ज करावा लागेल, त्यात आठवडा जातो.

गोदाकाठ

सापडलं, आईच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, सगळ्या बिलांसकट. नावाचं पण बघितलं दुपारचा चहा, पीएफवर मधलं नाव नाहीच, आधारवर आहे. उद्या बाबा एचआरला जातायत जॉइंट डिक्लेरेशन घेऊन. बँकेतल्या मॅडमचा काल परत फोन आला होता, आईने घेतला, म्हणाली साहेब नोकरीला लागलेत, वेळ नाही.